'बोल बघू' जरा बाजूला ठेवा

आलेलं पत्र, थोडक्यात:

मी जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. आम्ही मूळचे सोलापूरचे. सध्या पुण्यात मुलाकडे असते, कारण मुलगा-सून दोघंही नोकरीत आणि नातू दिवसभर माझ्याजवळ. तो आता २१ महिन्यांचा आहे. पळतो, मस्ती करतो, सांगितलेलं बरंचसं कळतं, पण बोलत नाही. 'बा', 'मम' आणि 'आँ', एवढ्यावरच गाडी थांबली आहे. काही हवं असलं की माझा हात धरून ओढत नेतो. हाक मारली तर कधी वळतो, कधी नाही. मोबाइलवर गाणं लागलं की मात्र आतल्या खोलीतून धावत येतो, म्हणजे कान चांगले आहेत. पावसाळ्यापासून नाक सारखं वाहतं, तेवढं सोडलं तर तब्येतही उत्तम. सून कानडी आहे, ती त्याच्याशी कानडी बोलते, मी मराठी, आणि मुलगा-सून आपसात इंग्रजी. शेजारच्या म्हणतात, तीन भाषांनी पोर गोंधळलंय. जाऊबाई म्हणतात, जीभ चिकटलेली असेल, वेखंड उगाळून चाटव. डॉक्टर म्हणाले, मुलगे उशिरा बोलतात, तीन वर्षांपर्यंत वाट पाहा. याचे वडीलही अडीच वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते. मी रोज चित्रांचं पुस्तक घेऊन त्याला बसवते, "हे काय? बोल बघू" म्हणते, तर उठून पळतो. अख्खी नोकरी पहिलीच्या पोरांना शिकवण्यात गेली आणि घरच्या एका पोराला बोलतं करता येईना, याचं फार वाईट वाटतं. त्याला प्लेग्रुपमध्ये घालावं का?

नमस्कार बाई,

आयुष्य शाळेत गेलं, म्हणून बाईच म्हणते. तुम्ही नातवाकडे किती बारकाईनं बघता ते पत्रातूनच दिसतं. पण 'म्हणजे कान चांगले आहेत' या वाक्यापाशी मी अडले. सुरुवात तिथूनच करू, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

गाणं ऐकून धावत आला, एवढ्यावरून कान तपासून झाले असं धरू नका. ऐकण्यातला दोष पुष्कळदा अर्धवट असतो. ढोल, दाराचा आवाज, गाण्याचा ठेका व्यवस्थित ऐकू येतो, पण 'स', 'श', 'फ' असे बारीक, उंच पट्टीतले आवाज निसटून जातात. अशा मुलाला कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते धड कळत नाही. दुसरी शक्यता तुम्हीच लिहिलेल्या सर्दीची. सतत सर्दी असणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठू शकतं. बऱ्याचदा ते दुखत नाही, ताप येत नाही, कान वाहत नाही, त्यामुळे घरात कुणालाच पत्ता लागत नाही. त्या दिवसांत त्याला आपलं बोलणं दबकं ऐकू येतं, पाणी ओसरलं की पुन्हा बरं. 'कधी वळतो, कधी नाही' याचं कारण इतकं साधंही असू शकतं. घरी ताट वाजवून परीक्षा घेऊ नका. त्याला तुमची सावली दिसते, फरशीची थरथर जाणवते, तो वळतो आणि आपल्याला उगाच खात्री वाटते.

तेव्हा या आठवड्यातच कानांची वेळ घ्या. कान-नाक-घसा तज्ज्ञ कान बघतील. मग टिंपॅनोमेट्री होईल, त्यात पडद्यामागे पाणी आहे का ते काही मिनिटांत कळतं. ओएई नावाच्या चाचणीत कानात छोटी नळी ठेवून आतल्या कानाचा प्रतिसाद मोजतात, तीही झटपट होते. गरज वाटली तर बेरा करतात, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोहोचतो का ते बघणारी चाचणी. ती मूल झोपलेलं असताना करायची असते, म्हणून त्या दिवशी त्याला पहाटे उठवा आणि रिक्षात काही केल्या डोळा लागू देऊ नका. वाटेत वीस मिनिटं झोपलेलं मूल चाचणीच्या खोलीत टक्क जागं राहतं आणि सगळ्यांचा दिवस वाया जातो. जन्मल्यावर दवाखान्यात कान तपासले होते का, ते सूनबाईंना विचारा. तेव्हा ठीक निघाले असले तरी आता पुन्हा करायचेच.

आता 'तीन वर्षांपर्यंत वाट पाहा' या सल्ल्याबद्दल. तुमच्या डॉक्टरांचा अनादर करायचा नाही, पण हा सल्ला मला मान्य नाही. उशिरा बोलणारी पुष्कळ मुलं पुढे आपली आपण सावरतात, हे खरंच. अडचण अशी की कुठलं मूल सावरेल आणि कुठलं अडकेल, हे २१व्या महिन्यात कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. सावरणारं असेल तर तपासून काही बिघडत नाही. अडकणारं असेल तर सव्वा वर्ष हातचं जातं. सर्वसाधारण हिशोब असा: वर्षाचं होईपर्यंत बडबड आणि टाटा करण्यासारख्या खुणा, १६ महिन्यांपर्यंत एखाददुसरा अर्थाचा शब्द, दोन वर्षांपर्यंत 'बाबा गेले', 'आणखी दूध' अशी स्वतःहून केलेली दोन शब्दांची जोडी. यातलं काही राहून गेलं तर दाखवावं, आणि येत असलेले शब्द गेले तर वय कितीही असो, लगेच दाखवावं. मुलगे सरासरीनं थोडे मागे असतात, पण तो फरक लहान असतो. बाबाही उशिरा बोलले होते, याचा घरात दिलासा वाटतो. माझ्या टेबलावर मात्र ती माहिती उलट्या बाजूला पडते: घराण्यात उशिरा बोलण्याचा इतिहास असेल तर मुलाकडे जरा आधीच लक्ष द्यायचं असतं.

आणखी एक विचारते. तो हात धरून ओढत नेतो, पण बोट दाखवतो का? आणि दाखवत असेल तर कशासाठी? डबा हवा म्हणून बोट दाखवणं वेगळं, आणि आकाशात विमान दिसलं की त्याच्याकडे बोट करून 'बघ ना' म्हणून तुमच्या तोंडाकडे वळून बघणं वेगळं. दुसऱ्यात त्याला काही मिळवायचं नसतं, फक्त गंमत वाटून घ्यायची असते. दीड वर्षापर्यंत बहुतेक मुलं हे करतात. तो करत नसेल, डोळ्याला डोळा फारसा देत नसेल, हाकेलाही वळत नसेल, तर कानांबरोबर विकासात्मक बालरोगतज्ज्ञांचीही वेळ घ्या. ते तुम्हाला एम-चॅट नावाची, ऑटिझमची (स्वमग्नतेची) शक्यता चाचपणारी २० हो-नाही प्रश्नांची यादी भरायला देतील. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी ती वापरतात. त्यातून निदान होत नाही, पुढे खोलात बघायचं की नाही एवढंच ठरतं. घाबरून ती टाळू नका. पत्रावरून मी निदान करणार नाही आणि शेजाऱ्यांनीही करू नये.

तपासण्या होतील तेव्हा होतील. त्यांच्यासाठी घरचं काम थांबवायचं नाही.

बाई, तुमचा नातू दिवसभर तुमच्याशी बोलतोच आहे. हात ओढणं, 'आँ' करणं, नको असलं की मान फिरवणं, पुस्तक दिसताच पळ काढणं, हे सगळं बोलणंच आहे. शेवटच्याचा अर्थ तर सरळ आहे: 'परीक्षा नको.' तुम्ही 'हे काय?' विचारता तेव्हा त्याच्यासाठी दोनच वाटा उरतात, बरोबर उत्तर द्यायचं किंवा हरायचं. ज्याच्याकडे शब्दच नाहीत तो हरणारच, मग पळणं शहाणपणाचं. पहिलीच्या वर्गात प्रश्न चालतात, कारण ती पोरं भाषा घेऊन शाळेत येतात. हे गडी अजून भाषा गोळा करताहेत. म्हणून काही दिवस घरात 'बोल बघू', 'काय म्हणतात याला?', 'आजी म्हण' यांना सुट्टी द्या. त्याऐवजी तो ज्याच्याकडे बघतोय त्याचं नाव, तो बघत असतानाच, तुम्ही सांगा. बाल्कनीच्या जाळीवर कबुतर बसलं आणि त्याची नजर तिकडे गेली, की त्याच्या शेजारी बसून त्याच्या नजरेच्या रेषेत बोट करा आणि म्हणा, "कबुतर! उडालं कबुतर." बास. कबुतरावर निबंध नको.

हे बास म्हणणंच आपल्याला जड जातं. मुलाशी भरपूर बोला असं सगळे सांगतात, मग घरात दिवसभर आकाशवाणी सुरू होते आणि त्या धबधब्यात त्याच्या वाट्याला बोलायची फटच येत नाही. तो जेवढं म्हणतो त्याच्या एकच पायरी पुढे राहा. तो 'मम' म्हणाला तर "मम हवं", "गरम मम". तो नुसता 'आँ' म्हणाला तर एक शब्द.

चुरमुऱ्यांच्या डब्याचं उदाहरण घेते, कारण डबा बहुधा तुमच्याही ओट्यावर असेल. आज काय होतं? तो हात ओढतो, तुम्ही डबा उघडता, वाटी भरून देता. संवाद दहा सेकंदांत संपला. उद्यापासून डबा पारदर्शक घ्या, झाकण घट्ट लावा आणि तो हातात घेऊन खाली त्याच्यासमोर बसा, तोंडं एका उंचीवर येतील असे. काही विचारू नका. त्याच्याकडे बघा, भुवया जरा वर, चेहरा उत्सुक, आणि मनात सावकाश दहा मोजा. दहा फार लांब वाटतात, चारवरच जीभ वळवळते, पण गप्प राहा. तो डब्यावर थापटेल, झाकण ओढेल, तुमच्याकडे बघेल, 'आँ' करेल. यातलं काहीही झालं की ताबडतोब, आनंदानं, "उघड! उघडू या" म्हणत झाकण काढा आणि त्याच्या हातावर चारच चुरमुरे ठेवा. ते संपले की पुन्हा गप्प. वाटीऐवजी चार-चार दिल्यानं एका खाऊत त्याला दहा वेळा मागायची संधी मिळते. एक पथ्य मात्र पाळा: तो रडकुंडीला येईपर्यंत ताणायचं नाही, आणि 'उघड म्हटल्याशिवाय देणार नाही' हे तर कधीच नाही. चिडला तर "उघड" म्हणा आणि देऊन टाका. त्यानं तुमच्याकडे बघावं, एवढ्यासाठी हा खेळ आहे.

हीच थांबण्याची युक्ती दिवसभर कुठेही बसते. आंघोळीला तांब्या डोक्यावर धरून थांबा. मोजा घालताना एका पायात घालून दुसरा हातात धरा. झोक्याला 'एक, दोन...' करून थांबा. आपडी-थापडी खेळताना शेवटची कृती अडवून धरा, त्याला माहीत असलेला शेवट तो स्वतःच्या हातानं किंवा आवाजानं पुरा करेल. आपल्याकडच्या बाळखेळांत ही जागा आयती ठेवलेली आहे, बाजारातली फ्लॅशकार्डं त्यांच्यापुढे फिकी आहेत.

पुस्तक फेकून देऊ नका. फक्त पान त्याला उलटू द्या, मधली चार पानं सुटली तरी चालतील, आणि चित्राचं नाव विचारण्याऐवजी चित्राचा आवाज काढा. 'भू भू', 'हम्मा', 'भुर्र' हे बावळट शब्द नाहीत. मूल एकाच गोष्टीसाठी दर वेळी तोच आवाज वापरत असेल तर तो शब्दच धरतो आम्ही. त्यामुळे मोजणी पुन्हा करा, आणि करताना सूनबाईंना शेजारी बसवा. कानडीत 'बा' म्हणजे 'ये'. तुम्हाला निरर्थक वाटणारा त्याचा 'बा' तो नेमका कधी म्हणतो, एवढं दोन दिवस टिपून ठेवा.

भाषांचा प्रश्न इथेच मिटतो. दोन किंवा तीन भाषांच्या घरात वाढल्यानं मुलाचं बोलणं लांबत नाही. सोलापूर, बेळगाव, अक्कलकोट या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या पोरं दोन भाषांत वाढताहेत, ते तुमच्याइतकं कुणाला माहीत! फक्त मोजताना सगळ्या भाषांतले शब्द मिळून मोजायचे. सूनबाईंची कानडी बंद करायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. आईच्या तोंडी जी भाषा सहज येते, तिच्यातच लाड, दटावणी आणि गप्पा सहज होतात. तोडक्या मराठीत किंवा घासून पुसून आणलेल्या इंग्रजीत ती त्याच्याशी निम्मंच बोलेल.

खुणांबद्दल घराघरांत भीती असते, की हातानं काम भागलं तर पोर तोंड उघडणारच नाही. तसं होत नाही. खुणा, चित्रं यांमुळे बोलणं मागे पडल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही, उलट अनेक मुलांना त्यांचा आधारच होतो. तेव्हा 'आणखी', 'संपलं', 'दे', 'नको' यांच्या चार खुणा घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवा आणि खूण करताना तोंडानं शब्दही म्हणा. त्याची बाटली, चेंडू, चप्पल, चुरमुऱ्यांचा डबा यांचे खरे फोटो काढून फ्रिजवर त्याच्या उंचीला चिकटवा. चित्रांवर बोट ठेवून बोलण्याची जेलो नावाची ॲपही आयआयटी मुंबईत तयार झाली आहे, मराठीतही आहे. पण ती गरज पडेल तेव्हा थेरपिस्टच्या सल्ल्यानं. आज फोटो पुरेत.

मोबाइलचं तुम्ही फार जपून लिहिलंय, बहुधा सूनबाई हे वाचतील म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचना स्पष्ट आहेत: एक वर्षाच्या मुलांना बसवून स्क्रीन दाखवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांनाही दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. मला खटकतं ते असं, की फोन कधी थांबत नाही. पोरानं 'आँ' केलं काय नि गप्प बसलं काय, गाणं पुढे चालूच. वर आपलं बोलणंही त्या वेळात बंद पडतं. पण यावरून घरात सासू-सून सामना लावू नका. ऑफिसची मीटिंग सुरू असताना पोर हातात फोन घेऊन गप्प बसतं, ही आजच्या घरांची खरी अडचण आहे. एकाच जेवणापासून सुरुवात करा, तुमच्या हातातल्या दुपारच्या. चार-पाच दिवस तो कमी खाईल, आदळआपट करेल, त्यानंतर बसेल. सोलापूरला आजोबांशी व्हिडिओ कॉल खुशाल करा, समोरचा माणूस उत्तर देतो. आणि 'मोबाइलनं ऑटिझम होतो', 'व्हर्च्युअल ऑटिझम' असलं जे फिरत येतं ते पुढे पाठवू नका. असं मान्यताप्राप्त निदान नाही, आया मात्र रात्र रात्र रडतात.

जिभेचं आणि वेखंडाचं दोन ओळींत. जिभेखालचा दोर आखूड असला तर क्वचित काही उच्चार अडखळतात, पण त्यामुळे शब्दच फुटत नाहीत असं होत नाही. बोलता यावं म्हणून तो कापून घेऊ नका. वेखंडानं वाचा येत नाही, जास्त पोटात गेलं तर उलट्या मात्र होतात. जाऊबाईंना सांगा, डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय. वाद मिटतो.

कुठे जायचं? खासगीत परवडत असेल तर जवळचा ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट गाठा. पदवी बघा, भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा, त्यात संकोच नको. सरकारी वाटही चांगली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे, त्याची पथकं अंगणवाड्यांत येतात आणि पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. पुण्याचं जिल्हा रुग्णालय औंधला आहे, तिथे चौकशी करा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची वाक् आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची. थेरपी सुरू झाली तर एक बघा: या वयात थेरपिस्टनं जमिनीवर बसून मुलाशी खेळायचं असतं आणि तुम्हाला शेजारी बसवून शिकवायचं असतं. मुलाला आत घेऊन दार बंद केलं आणि अर्ध्या तासानं 'छान झालं' म्हणून परत दिलं, असं दर वेळी होत असेल तर दुसरी जागा शोधा. आठवड्यातल्या त्या अर्ध्या तासापेक्षा तुमचे दिवस मोठे आहेत.

प्लेग्रुपचं म्हणाल तर घाई नको. एका ताईकडे पंधरा पोरं असतील तर न बोलणारं, त्रास न देणारं मूल कोपऱ्यात चेंडू घेऊन बसून राहतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. दोन वर्षांची पोरं एकमेकांना बोलायला फारसं शिकवतही नाहीत. मात्र तुमचे गुडघे दुखतात आणि दोन तास विसावा हवा, हे कारण असेल तर जरूर घाला, ते कारण पूर्ण योग्य आहे. तेवढं आधी जाऊन मुलं किती नि माणसं किती, ते बघून या.

तपासणीला जाताना दोन गोष्टी बरोबर न्या. एका कागदावर त्याचे सगळे शब्द, आवाज आणि खुणा लिहा, मराठी-कानडी एकत्र, पुढे तो ते कधी वापरतो तेही. आणि मुलाला सांगा, तुम्ही दोघं चुरमुऱ्यांचा डबा घेऊन बसलेले असताना त्याच्या नकळत दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेव. दवाखान्यात गेल्यावर मुलं हमखास आजीच्या पदराआड लपतात, तेव्हा तो व्हिडिओच दाखवता येतो.